परगावी आलेल्यांचा ताल

बेंगळुरूत ऑफिसं सुटतात, रस्ते तुंबतात, आणि नेमक्या त्याच वेळी इंदिरानगर-कोरमंगला भागातल्या एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर वीस-पंचवीस माणसं आरशासमोर ओळीनं उभी राहतात. गळ्यातलं ओळखपत्र बॅगेत गेलेलं असतं, पायांत गुळगुळीत तळव्याचे बूट आलेले असतात. शिक्षक मोजतो : एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठ तो तोंडानं म्हणत नाही. तिथं पाऊल थांबतं. याला साल्साचं 'बेसिक' म्हणतात. बेसिक बसलं की जोड्या लागतात, एक 'लीड' आणि एक 'फॉलो'. दर दोन-तीन मिनिटांनी शिक्षक जोडीदार बदलायला सांगतो आणि सगळं वर्तुळ एका जागेनं पुढं सरकतं. कन्नड मुलीचा हात तमिळ मुलाच्या हातून सुटून बंगाली मुलाच्या हातात जातो, मग साताऱ्याच्या. तास संपेपर्यंत सगळ्यांचं सगळ्यांबरोबर नाचून झालेलं असतं.

तासानंतर 'सोशल' सुरू होतो, म्हणजे शिकवणं संपून नुसतं नाचणं. नवख्यांसाठी आधी बचाटा वाजतो. त्याची लय संथ, पावलं सोपी. मग डीजे १९७० च्या दशकातलं एखादं गाणं लावतो. पियानोची एक तिरकी फिरत, मागून ट्रॉम्बोनचा खडबडीत आवाज, आणि भिंतीशी टेकून पाणी पीत असलेले मुरलेले नर्तक एकदम पुढं येतात. त्यांतल्या बहुतेकांना स्पॅनिश येत नाही. गाणं त्यांच्या जन्माआधीचं आहे. तरी पहिल्या चार सुरांत ते ओळखीच्या माणसाकडे वळावं तसे त्याच्याकडे वळतात.

जुन्या साल्साची ही ओढ येते कुठून? माझं म्हणणं असं की हे संगीत गाव सोडून मोठ्या शहरात आलेल्या माणसांनी, तशाच माणसांसाठी केलं, आणि जो ताल शिकेल त्याच्यासाठी त्यात जागा ठेवली. म्हणून जिथं माणसं बाहेरून येऊन वसतात तिथं ते रुजतं. बेंगळुरू हे त्याचं आजचं उदाहरण आहे. आपली मुंबई सत्तर वर्षांपूर्वीचं.

न्यूयॉर्कचे परगावकर

साल्साचं बी क्यूबाचं. बेटाच्या पूर्व भागात 'सोन' नावाचा गानप्रकार वाढला. गिटारच्या घराण्यातली तंतुवाद्यं आणि पद्यरचना स्पेनकडची, ढोल आणि सवाल-जबाबाची रीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची. १९४० च्या दशकात आर्सेनियो रोद्रिगेस या लहानपणीच दृष्टी गेलेल्या वादकानं सोनच्या ताफ्यात काँगा आणि पियानो आणले, ट्रंपेटं वाढवली, आणि आज आपण ज्याला साल्साचा आवाज म्हणतो त्याचा सांगाडा उभा राहिला. तिकडे न्यूयॉर्कमध्ये माचितोच्या वाद्यवृंदानं क्यूबाच्या तालाला जाझची जोड दिली. ब्रॉडवे आणि त्रेपन्नावा रस्ता यांच्या नाक्यावरच्या 'पॅलेडियम'मध्ये माचितो, तितो पुएंते आणि तितो रोद्रिगेस यांचे ताफे वाजत. पोर्तो रिकोचे मजूर, कृष्णवर्णीय, इटालियन, ज्यू असे सगळे तिथं एकाच फरशीवर नाचत. शहराच्या इतर भागांत हे सहज घडत नव्हतं.

१९५९ ची क्रांती आणि त्यानंतरचे अमेरिकेचे निर्बंध यांनी हवाना-न्यूयॉर्क ही वाट बंद केली. क्यूबाहून नवं संगीत येणं थांबलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या वस्त्यांत वाढलेल्या पोरांनी जुन्या मुळावर स्वतःचं कलम केलं. १९६४ साली जॉनी पाचेको हा डॉमिनिकन बासरीवादक आणि जेरी मासूची हा वकील यांनी 'फानिया' ही रेकॉर्ड कंपनी काढली. सुरुवातीला पाचेको स्वतः मोटारीतून रेकॉर्डी दुकानोदुकानी पोचवत असे. ऑगस्ट १९७१ मध्ये 'चीता' क्लबात फानियाच्या कलावंतांची मैफल झाली, आणि ऑगस्ट १९७३ मध्ये हीच मंडळी यांकी स्टेडियमवर हजारोंपुढं वाजवत होती.

या मंडळींची गावं पाहा. एक्तोर लाव्हो सोळाव्या वर्षी, १९६३ मध्ये, पोर्तो रिकोतलं पोन्से सोडून आला. रुबेन ब्लेड्स १९७४ मध्ये पनामाहून आला आणि फानियाच्या टपालखात्यात कामाला लागला. सेलिया क्रूझनं १९६० मध्ये क्यूबा सोडला. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा अंत्यविधीसाठीही तिला परत जाऊ दिलं गेलं नाही. लॅरी हार्लो तर ब्रुकलिनचा ज्यू. क्यूबाचं संगीत त्यानं शिकून मिळवलं होतं, आणि श्रोत्यांनी त्याला मोठ्या प्रेमानं आपलं मानलं. ब्लेड्स आणि विली कोलोन यांची १९७८ ची 'सिएम्ब्रा' ही रेकॉर्ड लॅटिन जगात प्रचंड खपली. तिच्यातलं 'पेद्रो नावाहा' हे गाणं सात मिनिटांहून मोठं आहे. त्यात एक गुंड आहे, एक रस्त्यावरची बाई आहे आणि कुणाचंच नसलेलं एक शहर आहे. नाचायच्या गाण्यात अशी कथा सांगायची, आणि तरी कुणाचं पाऊल चुकू द्यायचं नाही, ही त्या पिढीची ताकद.

सोळा मात्रा, पाच ठोके

ही ताकद नेमकी कशात आहे, हे हातानं मोजून पाहता येतं. त्रितालाच्या सोळा मात्रा मनात धरा. आता पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. लय थोडी वाढवा. हा झाला 'क्लावे', लाकडाच्या दोन दांड्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा आकृतिबंध, ज्यावर सगळा सोन आणि सगळा साल्सा उभा आहे. त्रितालाच्या टाळ्या एक, पाच आणि तेरावर, खाली नवावर. क्लावे समेवर आणि तेराव्या मात्रेवर त्रितालाशी हात मिळवतो. पाचवीच्या मात्र एक मात्रा आधीच वाजून जातो आणि नववी मोकळी सोडतो. पहिल्या अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्या अर्ध्यात दोन. पहिला अर्धा ओढतो, दुसरा सोडवतो. हे अर्धे उलटेही येतात, आधी दोन आणि मग तीन. पण गाण्यात एकदा दिशा ठरली की पियानो, बास, ट्रंपेट, गायक या सगळ्यांनी ती पाळायची. आणि गंमत अशी की अनेक गाण्यांत दांड्या वाजतच नाहीत. क्लावे कुणीच वाजवत नसतं, पण सगळे त्याच्यावरच वाजवत असतात.

आता वर्गातल्या त्या मोजणीकडे या. तिथला एक आकडा म्हणजे आपल्या दोन मात्रा. तीन-दोनच्या क्लावेत शिक्षक न मोजता सोडतो तो चार म्हणजे सातवी मात्रा, आणि तिथं क्लावेचा ठोका पडतो. नर्तक थांबतो तिथं ताल बोलतो. न्यूयॉर्कच्या एडी टोरेस यांनी रुळवलेल्या 'ऑन टू' पद्धतीत पावलांचा मोहरा एकाऐवजी दोनच्या आकड्यावर फिरतो, आणि काँगाच्या थापेशी त्याची गाठ अधिक घट्ट बसते. बेंगळुरूतही पहिले काही महिने 'ऑन वन' शिकून झाल्यावर पुष्कळ जण 'ऑन टू'कडे वळतात. वळतात ते जुन्या रेकॉर्डींमुळेच, कारण त्या रेकॉर्डींशी ती पावलं अधिक जुळतात.

जुन्या गाण्याची बांधणीही नाचणाऱ्याला धरून असते. आधी गाण्याचा मुखडा-अंतरा होतो. मग 'मोंतुनो' सुरू होतो : कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि गायक प्रत्येक वेळी त्याला नवं उत्तर देतो. या वळणावर कान देऊन ऐका. बोंगो वाजवणारा बोंगो बाजूला ठेवतो आणि हातात लोखंडी घंटा घेतो; तिचा ठणठणीत ठोका सुरू झाला की सगळा ताफा एक पायरी वर चढतो. जाणती जोडी तोवर साधं नाचत असते. घंटा आली की तीही मोकळी होते, गिरक्या येतात, हात सोडून दोघं समोरासमोर स्वतंत्र पावलं टाकतात. पुढं ट्रॉम्बोनांचा तुकडा येतो, मग सगळे एकदम थांबतात, आणि त्या थांब्यावर दोघंही थांबलेली असतात. हे पाठ करून येत नाही. गाणं शंभर वेळा ऐकलेलं असावं लागतं.

त्या काळचे तालवादक एकमेकांकडे बघत वाजवत. लय कणभर पुढं सरकली तर सगळे मिळून सरकत. यंत्राच्या ठोक्यावर बसवलेल्या आजच्या बऱ्याच गाण्यांत अशी सरकायला जागाच उरत नाही. ती गाणी वाईट नाहीत. पण नर्तकाला तिथं गाण्याच्या मागं चालावं लागतं. जुन्या गाण्याशी त्याला बोलता येतं. पन्नास वर्षांनी ती रेकॉर्ड लागते ती या बोलण्यासाठी.

रेकॉर्डींवर वाढलेलं शहर

संगीत आपल्या मातीतलं नसलं तरी आपलं होऊ शकतं, याचा सर्वांत मोठा पुरावा कोलंबियातलं काली हे शहर. तिथं साल्सा जन्मला नाही. बुएनाव्हेंतुरा बंदरातून खलाशांच्या हाती क्यूबाच्या आणि न्यूयॉर्कच्या रेकॉर्डी आल्या आणि उसाच्या कारखान्यांमुळं वाढत चाललेल्या या शहरातल्या कामगार वस्त्यांनी त्या जिवापाड जपल्या. १९६० च्या दशकात तिथल्या नर्तकांना काही रेकॉर्डी संथ वाटल्या, तेव्हा त्यांनी मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावली. आवाज चिरका झाला, पण लय मनासारखी मिळाली, आणि तिला पुरं पडण्यासाठी पायांची जी झपझप चाल तयार झाली ती आज जगभर कालीची म्हणून ओळखली जाते. पुढं १९९० च्या दशकात वयस्कांसाठी जुन्याच रेकॉर्डी लावणारी नाचघरं तिथं निघाली. थोड्याच दिवसांत तरुणांनीही तिथं गर्दी केली.

टोकियोचंही तेच. १९८४ मध्ये तिथं 'ओर्केस्ता दे ला लूस' हा ताफा उभा राहिला, सगळे जपानी, गाणी स्पॅनिश. १९९० मध्ये त्यांची रेकॉर्ड अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या 'ट्रॉपिकल' संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती.

पुणतांब्याहून हवानापर्यंत

कालीच्या गोष्टीनं मराठी वाचकानं हरखून जावं, पण चकित होऊ नये. असलं काम आपल्याकडेही झालं आहे. १९१८ मध्ये पुणतांब्याला जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात तालीम घेतली. तेच सी. रामचंद्र १९५० च्या 'समाधी'त 'गोरे गोरे' घेऊन आले. त्याचं मूळ 'चिको चिको' हे १९४५ च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटात कार्मेन मिरांडानं गायलेलं गाणं. त्रिनिदादमध्ये जन्मून लंडनमध्ये नाव काढलेल्या एडमुंडो रोस यांच्या ताफ्यानंही ते लोकप्रिय केलं होतं. हिंदीत ते लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलं. अमीरबाई मूळच्या विजापूरकडच्या बिळगीच्या. पुणतांब्याचा संगीतकार, बिळगीची गायिका आणि लॅटिन ढंगाची चाल असं ते गाणं आजही लग्नाच्या वऱ्हाडात वाजतं.

पुढच्याच वर्षी भगवानदादांचा 'अलबेला' आला. 'शोला जो भडके' सुरू होतं तेव्हा आधी बोंगो ऐकू येतात. बोंगो-माराकासची ती खळखळ, तिच्यावर फुंकून वाजवायची वाद्यं, आणि मग लता आणि चितळकर. त्याच चित्रपटाच्या 'दीवाना परवाना' गाण्यात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन कपडे घालून एक ताफा पडद्यावरच दिसतो. त्यातला ट्रंपेटवाला म्हणजे चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणं. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. समोर नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा, गिरणगावात वाढलेले. त्यांची ती जागच्या जागी लचकणारी चाल आजही गणपतीच्या मिरवणुकीत उतरते.

हे शक्य झालं त्याची कारणं ठोस आहेत. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोटापाण्यासाठी ही मुलं मुंबईला आली, हॉटेलांच्या नाचघरांत लागली. लंडन-न्यूयॉर्कहून छापील स्वरलिपी आली की ती वाचून रुंबा, सांबा त्याच आठवड्यात वाजवणं त्यांना जमे. संगीतकार चाल गुणगुणायचा; अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे संयोजक ती ताफ्यातल्या वाद्यांसाठी उतरवायचे. बोंगो-काँगा सिनेमाच्या स्टुडिओत रुळवले कावस लॉर्ड या पारशी वादकानं; पुढं केर्सी आणि बुजी या त्यांच्या मुलांनी तोच वारसा चालवला. राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या ताफ्यात खरखर वाजणारा 'रेसो-रेसो' हे अमृतराव काटकरांचं खास वाद्य. ते ब्राझीलकडचं, पण काटकरांच्या हातात ते असं बसलं की त्याच्याविना पंचमचं गाणं ओळखूच येऊ नये. १९६६ च्या 'पती पत्नी'त पंचमनी आशा भोसल्यांकडून बोसा नोव्हाच्या लयीत गाऊन घेतलं आणि १९८७ मध्ये जोसे फ्लोरेस यांच्याबरोबर 'पँटेरा' ही लॅटिन-रॉक रेकॉर्ड केली.

गोव्यात हा प्रवाह कोंकणीत उतरला. मडगावचे ट्रंपेटवादक क्रिस पेरी यांनी लोर्नाच्या आवाजात चा-चा-चा आणि जाझ कोंकणी शब्दांवर बसवले. १९७१ चं 'बेबदो' अजून लग्नाच्या बँडला वाजवावंच लागतं. त्या वादकांच्या जगावर बेतलेल्या 'नाचोंया कुंपासार'ला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा मान मिळाला.

बेंगळुरूची फरशी

बेंगळुरूलाही नाचाची फरशी नवी नाही. १८०९ मध्ये इथं छावणी वसली. १८६८ मध्ये बेंगळोर क्लब आणि बाउरिंग इन्स्टिट्यूट निघाले. फ्रेझर टाउन, कुक टाउन, रिचर्ड्स टाउन भागातल्या अँग्लो-इंडियन घरांत वॉल्ट्झ आणि जाइव्ह मुलांना घरातूनच मिळत. १८८२ मध्ये अँग्लो-इंडियनांसाठी वसवलेलं व्हाइटफील्ड आज संगणक कंपन्यांचं ठाणं आहे. १९८१ मध्ये पुण्यात निघालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. मागोमाग देशभरातून तरुण आले, आणि त्यांत मराठी घरांतलेही भरपूर. या पिढीकडे पगार होता, खोली होती, संध्याकाळी जायला जागा नव्हती. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड विजय यांच्यासारख्या नर्तकांनी इथं साल्साचे वर्ग रुजवले ते या पोकळीत.

शहराच्या नियमांनी नाचाला सोपं केलं नाही. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी २००५ मध्ये निघालेल्या परवाना आदेशाच्या कात्रीत हॉटेलांतलं गाणं-वाजवणं आणि नाच दोन्ही सापडले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश वैध ठरवला, आणि बऱ्याच ठिकाणची जिवंत वाद्यं काही काळ गप्प झाली. न्यूयॉर्कमध्येही खाण्यापिण्याच्या ठिकाणी नाचायला परवाना लावणारा १९२६ चा कायदा २०१७ पर्यंत होता. नाचणारी माणसं एकत्र आली की सत्तेला धाकधूक वाटते, हे दोन्ही शहरांनी अनुभवलं. अशा वेळी बेंगळुरूत नाच जिवंत ठेवला तो मुख्यतः वर्गांनी. तिथं दारू नसते, दिवे लख्ख असतात आणि आपलं नाव वहीत असतं.

या वर्गांचं आणखी एक मोल आहे, आणि ते मला संगीताइतकंच महत्त्वाचं वाटतं. एकटी बाई इथं निर्धास्त येते. नाचायचं का, असं पुरुष विचारतो तसं तीही विचारते, आणि 'नको' म्हटलं की विषय संपतो. आजकाल मुली लीड शिकतात, मुलगे फॉलो. हात कुठं ठेवायचा, किती दाबायचा, समोरच्याचा तोल कसा राखायचा हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. अनोळखी स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी अदबीनं वागण्याचं शिक्षण आपल्या शाळा-कॉलेजांत कुठंच मिळत नाही. ते इथं चार मिनिटांच्या गाण्यात मिळतं, आणि दर चार मिनिटांनी नव्या माणसाबरोबर पुन्हा.

म्हणूनच जुन्या रेकॉर्डींची ही ओढ नुसता आठवणींचा खेळ आहे, असं मला वाटत नाही. पंचविशीतल्या मुलाला १९७३ चं न्यूयॉर्क आठवण्याचं कारणच नाही. त्याला त्या रेकॉर्डीत आपल्या आजच्या गरजेचं काही सापडतं : अनोळखी शहरात ओळख, कष्टानं शिकायची एक विद्या, आणि ती आल्यावर मिळणारी मोकळीक.

मला दोन गोष्टी व्हाव्याशा वाटतात. पहिली, साल्साच्या वर्गांनी पावलांइतकंच ऐकणंही शिकवावं. आर्सेनियो कोण, पाचेको कोण, घंटा कुठं लागते हे कळलं की नाच आपोआप खोल जातो. दुसरी गोष्ट आपल्या घरची. चिक चॉकलेट, कावस लॉर्ड, सेबॅस्टियन डिसोझा, अमृतराव काटकर यांची नावं रेकॉर्डींच्या वेष्टणांवर क्वचितच छापली गेली. आज तीच गाणी नव्यानं बाजारात येतात, मोबाइलवर वाजतात, कंपन्यांना पैसा मिळवून देतात. पण वादकांच्या नावाची जागा अजून कोरीच आहे. फानियाच्या जुन्या रेकॉर्डी आज पुन्हा निघतात तेव्हा काँगा कुणी वाजवला, ट्रॉम्बोन कुणाचा, हे वाचायला मिळतं. आपल्या गाण्यांच्या मालकांना हे करणं अवघड नाही. त्या ध्वनिमुद्रणांत बसलेले काही वादक आणि पुष्कळांची मुलं अजून मुंबई-गोव्यात आहेत. त्यांच्याकडून नावं लिहून घ्यायची ती आत्ताच. परगावी येऊन ज्यांनी आपल्याला नाचायला शिकवलं, त्यांची नावं आपल्याला पाठ असायला हवीत.